अळणी फौज

सैन्य पोटावर चालते, हे वाक्य आपण शाळेत ऐकलेले असते. त्याचा खरा अर्थ महाराष्ट्राला पानिपतावर कळला. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच महिने, सदाशिवरावभाऊंची छावणी पानिपतजवळ अडकून पडली होती. अब्दालीने रसद तोडली. आधी जनावरे उपाशी मरू लागली, मग माणसे. लढणाऱ्यांबरोबर छावणीत बाजारबुणगे होते, बायकामुले होती, यात्रेकरू होते. त्यांनाही पोटे होतीच. शेवटी उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू, असे ठरवून फौज बाहेर पडली. पुढचे सारे आपल्याला ठाऊक आहे.

क्षणभर एक विचित्र कल्पना करून पाहू. भाऊंच्या छावणीत अशी फौज असती, की जिला भाकरी लागत नाही, पाणी लागत नाही, उत्तरेतली थंडी बाधत नाही, जिला घरची आठवण येत नाही आणि मरणाची भीती नाही, कारण ती आधीच मेलेली आहे. तर अब्दालीच्या वेढ्याला काय अर्थ उरला असता?

ही कल्पना माझी नाही. गेली पन्नास वर्षे जगातली असंख्य मुले आणि मोठी माणसे टेबलाभोवती बसून तिच्याशी खेळत आली आहेत. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही मूळचे युद्धखेळांचे शौकीन, म्हणजे छोट्या शिशाच्या शिपायांच्या पलटणी मांडून नियमांनी लढाया खेळणारे. त्यांच्या या नव्या खेळात चारपाच जण एकेका पात्राची भूमिका घेतात, एक जण निवेदक होतो आणि फासे टाकून कथा पुढे सरकते. यालाच रोल-प्लेइंग गेम म्हणतात. या खेळात एक मंत्र आहे. तो म्हटला की मढी आणि हाडांचे सांगाडे उठून उभे राहतात आणि मंत्र म्हणणाऱ्याचा हुकूम मानतात. मांत्रिक बलाढ्य असला तर त्याची पलटण होते, पलटणीची फौज होते.

ही फौज लढाईत कितपत उपयोगी, यावर खेळाडू तासन् तास वाद घालतात. तो वाद पोरकट वाटेल, पण त्याच्या पोटात एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे. जी फौज 'नाही' म्हणू शकत नाही, ती बाळगावी का? आणि ती बाळगणाऱ्याचे काय होते?

आधी तिचे फायदे पाहू, कारण ते खरेच मोठे आहेत. सांगाड्याला पगार नाही, पेन्शन नाही. रसदीच्या गाड्या नकोत, म्हणजे फौजेच्या मागे चालणारा तो अर्धा अधिक तांडाच नको. १८१२ मध्ये नेपोलियन सुमारे सहा लाख माणसे घेऊन रशियात शिरला आणि त्यांतली बहुतेक भुकेने, थंडीने, रोगराईने आणि पळून जाण्याने संपली. प्रेतांच्या फौजेला यांतले एकही कारण लागू नाही. तिला झोप नाही, म्हणून ती रात्रंदिवस चालते. तिला श्वास नाही, म्हणून विषारी धुराचे तिला काही वाटत नाही. तळघरात उभी करून 'दार राख' म्हटले तर शंभर वर्षे दार राखील. शिवाय प्रत्येक लढाईनंतर भरती आपोआप होते. आपले पडलेले आणि शत्रूचे पडलेले, दोन्ही हाताशीच असतात.

सर्वांत मोठा फायदा मनोबलाचा. या खेळाची १९८१ सालची जी प्राथमिक आवृत्ती आहे, तिच्यात प्रत्येक प्राण्यापुढे मनोबलाचा एक आकडा दिला आहे. लढाई अंगावर आली की दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याहून जास्त आली, तर तो प्राणी पळतो किंवा शरण येतो. सामान्य माणसाचा आकडा ६ आहे. सांगाड्याचा आणि झोंबीचा १२. दोन फाशांची बेरीज १२ च्या वर जातच नाही, म्हणजे ते कधीच पळत नाहीत. उलट सामान्य माणूस ३६ पैकी २१ वेळा कच खातो. कोणत्या सेनापतीला ६ पेक्षा १२ आवडणार नाहीत?

आता तोटे. खेळ लिहिणाऱ्यांनी ते फार विचारपूर्वक घातले आहेत, आणि मला ते फायद्यांपेक्षा जास्त बोलके वाटतात.

पहिला तोटा असा, की मेलेला शिपाई हुकमाची अक्षरे पाळतो, हुकमाचा हेतू पाळत नाही. सांगाड्याला थोडीफार तरी कामाची समज असते; झोंबीला तीही नाही. झोंबी शत्रूकडे नाकासमोर चालत जातो. मध्ये वाहती नदी आली तरी तो तिच्यात उतरतो आणि खडकांवर आपटून फुटून जातो. शत्रू खाली दिसला तर खिडकीतून सरळ पाऊल बाहेर टाकतो. जिवंत शिपाई नदीपाशी थांबतो, उतार शोधतो, कुणा कोळ्याला विचारतो. त्याच्या अंगातली जी भीती सेनापतीला नकोशी वाटते, त्याच भीतीने त्याला उतार शोधायची अक्कल दिलेली असते.

दुसरा तोटा ताब्याचा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत उठवलेल्या प्रेतावरचा ताबा चोवीस तास टिकतो. तो संपण्याआधी मंत्र पुन्हा म्हणावा लागतो आणि मूळ पातळीवर एका मंत्राने फार तर चारांवरचा ताबा राखता येतो. म्हणजे हजाराची फौज ठेवायची तर दर दिवशी अडीचशे मंत्र. एक दिवस मांत्रिक आजारी पडला, झोपला, मारला गेला, की हीच फौज बेलगाम होते. मग ती कुणाचे ऐकत नाही, आणि जिवंतांचा द्वेष हाच तिचा स्वभाव असल्यामुळे वाटेतल्या कुणावरही चालून जाते. त्याआधीच्या, २००३ सालच्या नियमांत एकेका साध्या मानवी सांगाड्यासाठी २५ सुवर्णमुद्रा किमतीचा काळा सुलेमानी खडा लागत असे, आणि मांत्रिकाच्या ताकदीबाहेर जितके सांगाडे जातील, तितके आपोआप त्याच्या हाताबाहेर जात.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा 'वॉरहॅमर' हा १९८३ पासूनचा टेबलावरचा युद्धखेळ. त्यातही प्रेतांची फौज आहे. ती कधी घाबरून पळत नाही. पण लढाईची एखादी चकमक हरली, की जितक्याने हरली तितके तिचे शिपाई जागच्या जागी ढासळतात. आणि तिला उभी करणारा सेनापती किंवा मुख्य जादूगार पडला, की सगळी फौजच विरू लागते. जिवंत फौजेत सेनापती पडला तर दुसरा कुणी झेंडा उचलतो. इथे दुसरा कुणी नसतोच. हजार शरीरे असतात, पण माणूस एकच असतो.

तिसरा तोटा लढाई जिंकल्यानंतरचा, आणि तो खेळाडूंच्या सहसा उशिरा ध्यानात येतो. ही फौज मुलूख जिंकते, पण राखू शकत नाही. तिला तह करता येत नाही, कैद्याला पाणी पाजता येत नाही, गावच्या पाटलाशी बोलता येत नाही, बाजार भरवता येत नाही. ती आली की शेतकरी नांगर टाकून पळतात. मित्र म्हणून आलेले जिवंत सैन्यही तिच्या शेजारी उभे राहायला कचरते. शेवटी मांत्रिकाच्या हाती लागते ते ओसाड रान.

माझा भाचा अभियांत्रिकी शिकतो. रविवारी मित्रांना जमवून हा खेळ खेळतो. हे सारे मी त्याच्याशी बोललो तेव्हा तो म्हणाला, "मामू, हे तोटे तर नियम बदलले की जातील. ताबा पक्का केला, अक्कल थोडी वाढवली, की झालं. मग तुमची हरकत काय उरली? हजार सांगाडे लढले तर हजार आयांची मुलं घरी राहतात. त्यात वाईट काय आहे?"

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरातले माणूस सरहद्दीवर असते त्या घराला विचारा; ते घर भाच्याच्याच बाजूने बोलेल. म्हणून त्याला उत्तर द्यायचे ते नीट द्यायला हवे.

पहिली गोष्ट, हजार आयांची मुले घरी राहतात ती एका बाजूच्या. समोरच्या बाजूच्या आयांचे काय? दुसरी गोष्ट, युद्धाची किंमत राजाला कळते कशी? गावागावांत पोहोचणाऱ्या प्रेतांनी कळते. घराघरांत उठणाऱ्या हंबरड्याने कळते. धान्याचे कोठार रिकामे झाले, शिपाई पगारासाठी अडून बसले, पळून जाऊ लागले, की दरबारात कुणीतरी 'आता पुरे' म्हणते. भूक, थकवा, भीती, पगाराची मागणी हे सगळे सेनापतीच्या वहीत उणे लिहिले जाते. रयतेच्या वहीत ते जमेला असते. युद्धाला बसलेले हे नैसर्गिक लगाम आहेत. ते काढून टाकले तर कमी माणसे मरतील की युद्धेच वाढतील?

या प्रश्नाचे उत्तर एका संगणकी खेळाने नकळत देऊन ठेवले आहे. १९९९ च्या 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक'च्या तिसऱ्या भागात मृतांचे एक नगर आहे. तिथल्या नायकाने लढाई जिंकली, की मारलेल्या शत्रूंपैकी काही सांगाडे होऊन त्याच्या फौजेत दाखल होतात. परिणाम असा होतो की खेळाडू गरज नसताना लढाया शोधत हिंडू लागतो. वाटेतला शेतकऱ्यांचा दुबळा घोळका इतर नायक सोडून देतील. हा सोडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते शेतकरी नसून न वेचलेले सांगाडे असतात. त्या नगरात एक इमारत अशीही आहे, की तिच्यात आपलेच जिवंत सैनिक आत पाठवायचे आणि सांगाडे करून बाहेर काढायचे. खेळणाऱ्या मुलांच्या मनात काही वाईट नसते. नियमच त्यांना तिकडे नेतो. ज्याला मढ्यांचा उपयोग सापडला, त्याला जिवंत माणसाचा उपयोग हळूहळू दिसेनासा होतो. भाच्याच्या हिशेबात हजार जीव वाचतात. खेळाच्या हिशेबात मात्र प्रत्येक जीव हा कच्चा माल ठरतो.

"आणि कुणी राजीखुशीने दिलं तर?" हा त्याचा पुढचा प्रश्न. एखाद्या गावातल्या माणसांनी लिहून ठेवले, की मेल्यावर आमची हाडे गावाच्या रक्षणाला वापरा, तर? आपण देहदान करतोच ना! प्रश्न अवघड आहे. पण देहदान केलेले शरीर कुणाचा जीव घेत नाही. आणि जिवंत शिपायाने नोकरीच्या कागदावर सही केली, तरी समोर निःशस्त्र बाई उभी राहिली तर उद्या बंदूक खाली करण्याची मुभा त्याच्या मनात शिल्लक असते. शिक्षा होईल, पण मुभा असते. मेलेल्याने दिलेली संमती कधीच मागे घेता येत नाही. आपल्या रक्षणासाठी म्हणून दिलेली ती हाडे पुढच्या मांत्रिकाने शेजारच्या गावावर घातली, तर त्या हाडांनी दाद कुणाकडे मागायची?

खेळातला हा झोंबी मुळात कुठून आला, ते पाहिले की गोष्ट आणखी स्पष्ट होते. तो हैतीचा. फ्रेंचांच्या सेंट-डोमिंग वसाहतीत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे उसाच्या मळ्यांत राबवली जात. मेल्यावर आपला आत्मा सुटेल, आफ्रिकेतल्या आपल्या मुलखात परत जाईल, एवढीच त्यांची आशा. झोंबी म्हणजे ती आशाही हिरावून घेतलेला माणूस: मेल्यावरही मालकासाठी राबणारा गुलाम. १७९१ मध्ये त्या गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. पण ती भीती लोककथेत राहिली. हैतीच्या माणसाला झोंबी आपल्याला खाईल असे भय नव्हते; आपण झोंबी होऊ, हे भय होते. १९१५ ते १९३४ या काळात हैतीवर अमेरिकेचा लष्करी ताबा होता. त्याच काळात, १९२९ मध्ये विल्यम सीब्रूकच्या पुस्तकातून झोंबी अमेरिकी वाचकांपर्यंत पोचला आणि १९३२ मध्ये पडद्यावर आला. तिथून तो खेळांत शिरेपर्यंत त्याचे गुलामपण लोक विसरले होते. गुलामाच्या दुःस्वप्नाचे मालकाच्या हातातले हत्यार झाले.

हैतीच्या त्या लोककथांत एक तपशील आहे. झोंबीला मीठ द्यायचे नाही. त्याचे जेवण कायम अळणी. चुकून मिठाचा कण त्याच्या जिभेला लागला, तर त्याला आपण मेलो आहोत हे आठवते. मग तो कुणाचे ऐकत नाही. सरळ आपल्या कबरीकडे चालू लागतो.

मराठीत मीठ याच्या नेमके उलटे काम करते असे प्रथम वाटते. 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणजे धन्याशी इमान राखणे. तिकडे मीठ गुलामाला सोडवते, इकडे ते चाकराला बांधते. पण थोडा विचार केला तर दोन्हीकडे मीठ एकच काम करते. ते माणसाला जागे करते. जागा झालेला माणूस इमानही राखू शकतो आणि निघूनही जाऊ शकतो. एक शक्य आहे म्हणूनच दुसऱ्याला किंमत आहे.

पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी घ्या. भाऊंच्या तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा सरदार. आधी तो निजामाच्या चाकरीत होता, म्हणजे चाकरी बदलणे त्याला माहीत होते. समोरची फौज त्याच्या धर्माची होती. त्याला बाजू बदलता आली असती, पण त्याने ती बदलली नाही. शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. त्याच्या जागी हजार सांगाडे असते तर तेही शेवटपर्यंत लढले असते; पण त्यांच्याविषयी आज आपण एक शब्द बोललो नसतो. ज्याला बेइमान होताच येत नाही, त्याच्या इमानाला मोल नसते.

आता दुसरी बाजू. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र पठाणांच्या जमावावर गोळ्या झाडण्याचा हुकूम रॉयल गढवाल रायफल्सच्या शिपायांना झाला. चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी तो मानला नाही. इतर फौजेने त्या दिवशी गोळीबार केलाच, माणसे मेलीच. गढवालींना जन्मठेप झाली आणि १९४१ पर्यंत ते तुरुंगात राहिले. सेनापतीच्या दृष्टीने ही तुकडी निकामी ठरली. आपण मात्र त्या दिवशीचे खरे शिपाई म्हणून त्यांचीच नावे घेतो. इब्राहिमखान आणि चंद्रसिंग एकमेकांविरुद्ध वागले असे वरून दिसते: एकाने हुकूम पाळला, एकाने मोडला. तरी दोघांचे मीठ एकच.

आणि १९४६ चे मुंबईतले नाविकांचे बंड तर थेट जेवणाच्या ताटावरूनच पेटले. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांना कंटाळून १८ फेब्रुवारीला 'तलवार' या तळावरच्या नौसैनिकांनी जेवायला नकार दिला. काही दिवसांत सुमारे वीस हजार नौसैनिक त्यात सामील झाले. ज्यांना पोट आहे त्यांना अपमानही कळतो आणि ज्यांना अपमान कळतो त्यांना स्वातंत्र्य कळायला वेळ लागत नाही. ज्या सैनिकाला जेवणच लागत नाही, तो जेवण नाकारणार कसा?

आपल्याकडच्या जुन्या गोष्टींतले मढेसुद्धा मुके नाही, हे इथे आठवते. विक्रम राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर टाकून चालू लागतो आणि त्यातला वेताळ त्याला न्याय-अन्यायाचे कोडे घालतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोके फुटेल, असे बजावतो. आपल्या परंपरेतले प्रेत राजाला प्रश्न विचारते. राजाला खरा धोका त्या प्रेताचा नाही, ते प्रेत घेऊन यायला सांगणाऱ्या मांत्रिकाचा आहे, आणि शेवटी ते त्याला सांगतो वेताळच.

खेळांच्या या दुनियेवर ज्या लेखकाची सर्वांत मोठी छाया आहे, त्या टॉल्किनच्या १९५५ साली पुऱ्या झालेल्या कादंबरीतही मृतांची एक फौज आहे. ती माणसे जिवंतपणी राजाला दिलेली शपथ मोडून पळाली होती, म्हणून त्यांना मरणानंतर विसावा नव्हता. राजाचा वारस अ‍ॅरागॉर्न त्यांना शपथ पुरी करायला बोलावतो. ते येतात. त्यांच्या नुसत्या भीतीने बंदरातला शत्रू जहाजे सोडून पळतो. आणि मग अ‍ॅरागॉर्न त्यांना मोकळे करतो. मोठी लढाई अजून पुढे असते, नगर जळत असते, हाताशी अजिंक्य फौज असते. तरी तो त्यांना जा म्हणतो आणि मरू शकणारी जिवंत माणसे जहाजात घेऊन पुढे निघतो. २००३ च्या चित्रपटात हा क्रम बदलला आहे. तिथे मृत मुख्य लढाई लढून देतात आणि मग सुटतात. दृश्य भव्य आहे, पण कादंबरीतले मला जास्त खरे वाटते. मृतांकडून त्यांचे देणे होते तेवढेच घेतले, गरज होती तेवढे घेतले नाही. राजा आणि मांत्रिक यांच्यातला फरक त्या एका कृतीत आहे.

मृताचे जिवंतांवर देणे असते, ही समजूत बहुतेक समाजांत आहे. मय्यतीला गुसल, कफन, नमाज आणि दफन हा तिचा हक्क. वस्तीतल्या कुणीच तो पुरा केला नाही तर सारी वस्ती गुन्हेगार. कुठे अग्नी देतात, कुठे आणखी काही, भाव तोच. १९४९ चा जिनिव्हा करारही लढणाऱ्या पक्षांना सांगतो, की रणांगणावरचे मृत शोधा, त्यांची विटंबना होऊ देऊ नका, शक्य तर त्यांच्या धर्माप्रमाणे त्यांना पुरा. शत्रूचे मढेसुद्धा आपल्या मालकीचे नाही, एवढे तरी जगाने कागदावर मान्य केले आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या नियमपुस्तकातही या मंत्राविषयी एक सूचना आहे: प्रेते उठवणे हे सत्कृत्य नव्हे आणि वारंवार असे करणारे दुष्टच असतात. खेळात सारे काही चालते, तरी इथे खेळ लिहिणाऱ्यांनाही थांबून एक ओळ लिहावीशी वाटली.

हा सगळा कल्पनेचा खेळ आहे असे म्हणून पुस्तक मिटता आले असते, पण मेलेल्या शिपायाचे सारे गुण असलेला शिपाई आता कारखान्यात तयार होतो आहे. त्याला भूक नाही, झोप नाही, घर नाही. स्वतःच लक्ष्य शोधून मारणारी यंत्रे ही आता कादंबरीतली गोष्ट राहिलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अशा शस्त्रांविषयी चिंता व्यक्त करणारा ठराव केला आणि महासचिवांकडून अहवाल मागवला. १५२ देश बाजूने होते, ४ विरोधात. त्या चारांत भारत होता. ही चर्चा जिनिव्हातल्या शस्त्रकराराच्या मंचावरच व्हावी, असे भारताचे म्हणणे आहे. मंच कोणता असावा, यावर वाद होऊ शकतो. पण माझ्या भाच्याने विचारलेले प्रश्नच तिथे विचारले जातात. आपली मुले वाचतील की नाही? ताबा पक्का करता येईल की नाही? खेळात नियम बदलले की तोटे जातील, असे तो म्हणाला होता. या यंत्रांचे कारागीरही तेच म्हणतात. पण ताबा जितका पक्का, तितकी सारी जबाबदारी एका माणसाच्या डोक्यावर आणि तितकेच त्याला अडवणारे कमी. नदीपाशी थांबणारा कुणी उरत नाही, बाजारात बंदूक खाली करणारा कुणी उरत नाही. फौजेचे दोष काढता काढता आपण फौजेतला माणूस काढून टाकलेला असतो.

म्हणून १९८१ च्या त्या तक्त्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. सांगाडा १२, सामान्य माणूस ६. सेनापती म्हणेल, माणूस निम्माच शिपाई आहे. ३६ पैकी २१ वेळा त्याचा धीर सुटतो, तो पळतो, शरण जातो, घरी परततो. पण आजवरची जितकी युद्धे थांबली, त्यांतली कितीतरी अशा धीर सुटलेल्या, उपाशी, घरची आठवण झालेल्या माणसांनीच थांबवली आहेत. १२ मनोबलाच्या दोन फौजा समोरासमोर उभ्या केल्या, तर ते युद्ध कुणी आणि कधी थांबवायचे, याचा नियम त्या पुस्तकात मला सापडला नाही.